बदल्यात काही नाही

सुईताईचं खरं नाव हॉस्पिटलच्या हजेरीपटावर होतं, आणि ते तिथेच राहिलं. सोळा वर्षं ती तिथल्या लॅबमध्ये लोकांचं रक्त काढत आणि तपासत होती. हाताला असा गुण की समोरचा माणूस "अजून टोचलं नाही का?" म्हणेपर्यंत हिची नळी भरून, कापूस लावून, चिठ्ठी चिकटवून झालेली. लहान पोरं तिला बघून रडायची, पण ती आपली रीत म्हणून. डॉक्टरांपासून वॉचमनपर्यंत सगळ्यांची ती सुईताई. घरी मात्र सूनबाई, आणि सासूबाईंचा पारा चढला की "अगं ए शहाणे."

सासूबाईंचा पारा चढायला फार लागायचं नाही. चर्चच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात त्यांनी चौतीस वर्षं शिकवलं होतं. निम्म्या वस्तीला त्यांनी देव शिकवला, आणि उरलेल्या निम्म्या वस्तीला कान धरून शिकवला. पन्नाशीचे टक्कल पडलेले बाप्येसुद्धा त्या समोरून आल्या की हातातली सिगारेट पाठीमागे लपवत. त्यांचा मुलगा, म्हणजे सुईताईचा नवरा, गाडी शिकवायच्या शाळेत मास्तर होता. दिवसभर शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून त्याचा पाय कायम ब्रेकवर. घरात आवाज चढले की खुर्चीत बसल्याबसल्याही त्याचा उजवा पाय जमीन दाबायचा.

सुईताईची स्वतःची आई ती सहा वर्षांची असताना गेली. मग दोन वर्षं मावशीकडे, तीन आत्याकडे, पुन्हा मावशीकडे, असं तिचं बालपण पिशवीत भरलेलंच राहिलं. लग्नानंतर पंधरा दिवसांत तिला सणसणून ताप भरला. सासूबाई तीन दिवस उशाशी बसून होत्या, आणि तिन्ही दिवस सतत रागावत होत्या. डोकं कोरडं न करता झोपतेस म्हणून, पाणी पीत नाहीस म्हणून, आणि बरी होत नाहीस म्हणून. तिसऱ्या दिवशी ताप उतरताना सुईताईनं त्यांना पहिल्यांदा मनापासून "आई" म्हटलं, आणि ते कायमचं चिकटलं. दोघी भांडायच्या, अगदी कडाकडा भांडायच्या. पण भांडायला हक्काचं माणूस असणं म्हणजे काय सुख असतं, हे मावशी-आत्याकडे वाढलेल्यांना विचारा.

तर अशा या सासूबाईंच्या हृदयातली एक झडप आवळत चालली होती. जिन्याच्या चार पायऱ्या चढल्या की त्या थांबायच्या आणि भिंतीचा रंग किती उडालाय ते तपासल्यासारखं करायच्या. डॉक्टरांनी सांगितलं, झडप बदलायची, आणि ती याच महिन्यात. नाही बदलली तर वर्ष काढतील का सांगता येत नाही. तारीखही मिळाली, सोमवारची. आधीच्या गुरुवारी रक्ताचे नमुने द्यायचे, की पुढचं सगळं सुरू.

आणि सासूबाई म्हणाल्या, "मी नाही जाणार."

का, ते सांगेनात. मुलानं विनवलं, सुनेनं आदळआपट केली. त्यांचं एकच, "माझं आणि देवाचं काय ते ठरलंय. तुम्ही मध्ये पडू नका." आता देवाशी परस्पर ठरवून आलेल्या माणसाशी वाद कसा घालायचा? मास्तरांचा पाय जमीन दाबून दाबून दुखायला लागला.

अशातच त्या रविवारी चर्चमध्ये मिस्सेच्या, म्हणजे उपासनेच्या वेळी सासूबाईंना भोवळ आली. फादरांनी हातावर ठेवलेली ख्रिस्तप्रसादाची, ख्रिस्ताचं शरीर मानली जाणारी पांढरी, पातळ चकती त्यांच्या बोटांतून निसटून खाली पडली. फारसं काही बिघडलं नाही. असं झालं तर काय करायचं ते ठरलेलं असतं. पडलेला प्रसाद टाकून द्यायचा नसतो, म्हणून तो झाकणाच्या छोट्या भांड्यात, पाण्यात ठेवायचा. दोन-तीन दिवसांत ती चकती, म्हणजे भाकर, विरघळते, मग ते पाणी झाडाच्या मुळाशी मातीत ओतायचं. हे काम घंटावाल्या काकांचं. काका चर्चची घंटा वाजवत, मेणबत्त्या लावत, फुलं बदलत, आणि एका वेळी एकच गोष्ट लक्षात ठेवत. त्यांनी भांडं वेदीमागच्या खोलीतल्या कपाटात ठेवलं आणि विसरून गेले.

पुढच्या रविवारी त्यांना ते आठवलं. झाकण उघडलं, आणि काकांनी अशी आरोळी ठोकली की बाहेर बाकांवर बसलेली माणसं प्रार्थना सोडून उभी राहिली.

पाण्यात विरघळलेली भाकर लालभडक झाली होती.

मग काय विचारता! मिस्सा संपायच्या आत बातमी रस्त्यापलीकडे. कुणी गुडघे टेकतंय, कुणी रडतंय, कुणी फोन वर धरून फोटो काढतंय. शिंपीण म्हणाली, तिला आठ दिवसांपासून वाटतच होतं. केस कापणारा म्हणाला, भांड्याला सुगंध येतोय. फादरांनी भांड्यावर झाकण ठेवलं, कपाटाला कुलूप लावलं आणि सगळ्यांना घरी जाऊन जेवायला सांगितलं. कुणी गेलं नाही.

सुईताईचं लक्ष मात्र सासूबाईंकडे होतं. त्या बाकावर बसून राहिल्या होत्या. चेहरा पांढरा, आणि त्यावर असं काही हसू की सुईताई गर्दीतून वाट काढत त्यांच्यापाशी गेली.

"घेतलं त्यानं," सासूबाई पुटपुटल्या. "माझ्या हातून पडलं आणि रक्त झालं. त्यानं माझं घेतलं."

घरी आल्यावर ते बाहेर पडलं. सुईताईला दोनदा दिवस गेले होते, आणि दोन्ही वेळा पोट पडलं होतं. दुसऱ्यांदा तर पाचव्या महिन्यात. त्याला दोन वर्षं झाली होती, आणि घरात तो विषय कुणी काढत नव्हतं. सासूबाईंनी तो देवाकडे काढला होता. तू आपल्या पोराचा बळी दिलास ना जगासाठी, मग मी माझा देते. मला ने, झडपेला हात लावू देत नाही मी कुणाला. पण माझ्या सुनेच्या ओटीत एक बाळ घाल.

"आता त्यानं खूण दिली," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "आता तू निर्धास्त राहा."

सुईताईला निर्धास्त राहणं जमण्यासारखं नव्हतं. ती मोरीत गेली आणि नळ सोडून रडली. रडताना तिला आणखी एका गोष्टीची लाज वाटली. क्षणभर, अगदी एकच क्षण, तिच्या मनात येऊन गेलं होतं, आणि खरंच असलं तर?

सोमवारी सकाळी फादर सायकलवरून हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आले. त्यांना एक सवय होती. बोलताना ते चष्मा पुसत, आणि चष्मा स्वच्छ झाला की बोलणं संपवत. पिशवीतून त्यांनी एक छोटी बाटली काढली.

"वर, बिशपांना कळवावं लागेल," ते म्हणाले. "पण त्याआधी मला माहीत पाहिजे मी काय कळवतोय ते. तू बघून सांग. आणि खरं सांग."

"आणि रक्त निघालं तर?"

"तर मला घाम फुटेल."

सुईताईनं आधी पट्टी बुडवली. रक्त असतं तर पट्टीनं रंग बदलला असता. बदलला नाही. मग तिनं थेंबभर पाणी काचेच्या बशीत, जंतूंना खायला घालतात त्या थरावर पसरलं आणि कपाटात ठेवलं. बुधवारी बशीत सुंदर लाल ठिपके उगवले होते. तिनं ते लगेच ओळखले. ओलसर जागी, पिठाच्या पदार्थावर वाढणारा जंतू. न्हाणीघराच्या कोपऱ्यात गुलाबी बुळबुळीत थर धरतो ना, तोच हा, एवढंच की इथे खाऊनपिऊन गबर झालेला. तिनं काकांना फोन लावून विचारलं, भांड्यात पाणी कुठलं घातलं होतंत? काकांनी आधी फिल्टरचं सांगितलं, मग आठवून सांगितलं, की नळाला पाणी नव्हतं त्या दिवशी, म्हणून फुलदाण्यांच्या बादलीतलं.

"काका!"

"अगं, बादलीत फुलं देवाचीच होती ना."

फादरांनी निकाल ऐकला आणि हुश्श केलं. मग लगेच थोडा चेहराही पाडला. खोटं कशाला बोला, चमत्कार कुणाला नको असतो?

संध्याकाळी सुईताईनं सासूबाईंना सांगितलं. तिला वाटलं होतं, त्या चिडतील नाहीतर रडतील. त्यांनी भाजी निवडता निवडता सगळं ऐकून घेतलं.

"जंतू," त्या म्हणाल्या.

"हो आई. जंतू. मी स्वतः पाहिला."

"आणि जंतू कुणी केला? तुझ्या लॅबनं?"

सुईताई तोंड उघडणार, तोच सासूबाई पुढे बोलल्या.

"काकांना त्याच दिवशी नळ कोरडा मिळावा, त्यांनी नेमकी तीच बादली घ्यावी, आणि माझ्याच हातून पडलेला प्रसाद लाल व्हावा. देवाला खूण करायची तर तो काय शाईची बाटली विकत घेईल? जे हाताशी असेल ते वापरेल. तू आपली मायक्रोस्कोपात बघ. मी वरून बघते." आणि त्यांनी निवडलेली भाजी धुवायला टाकली.

चौतीस वर्षं वर्ग सांभाळलेली बाई ती! सुईताई ओढणी खांद्यावर टाकून तशीच तडक फादरांकडे गेली. फादर अंगणात छत्रीची मोडलेली काडी बसवत होते. सासूबाईंनी देवाशी केलेला सौदा तिनं त्यांना सगळा सांगितला.

"फादर, हा देवाचा आवाज की आपलाच, हे ओळखायचं तरी कसं?"

फादरांनी छत्री बाजूला ठेवली आणि चष्मा काढला. "आवाजावरून नाही ओळखू येत. सैतान गोड बोलतो, आणि आपण स्वतःशी त्याच्याहून गोड बोलतो. मागे काय राहतं ते बघायचं. देव येऊन गेला की माणूस दारंखिडक्या उघडतो. दुसरंच कुणी येऊन गेलं की आतून कडी लावतो. आईंनी हे ठरवलं तेव्हा कुणाला सांगितलं होतं?"

"कुणालाच नाही."

"हं." ते काच पुसत राहिले. "आणि ते जीव देण्याचं म्हणशील, तर लोकांना वाटतं देवाला बळीची भूक असते, कुणीतरी मेल्याशिवाय त्याचं पोट भरत नाही. अगं, उलट आहे. माणसांनी आणून आणून काही पुरेना, तेव्हा तो स्वतःच खाली आला आणि स्वतःला देऊन गेला. कायमचं. ते बळींचं दुकान त्यानं त्याच दिवशी बंद केलं. लोक अजून शटर ठोकत बसलेत."

"मग हे तुम्ही येऊन सांगा ना त्यांना!"

"मी?" फादर दचकले. "मी त्यांच्या वर्गात होतो पाचवीत. त्या खोलीत आल्या की अजून मला उभं राहावंसं वाटतं." आणि चष्मा स्वच्छ झाला.

गुरुवार उजाडला. दहाच्या आत नमुने लॅबमध्ये पोचले नाहीत तर सोमवारची तारीख दुसऱ्या कुणाला जाणार होती, आणि पुढची तारीख दोन महिन्यांनी. सुईताईनं सकाळी साडेसातला स्वयंपाकघरातल्या टेबलावर सगळं मांडलं. सुई, नळ्या, कापूस, दंडाला बांधायचा पट्टा. सासूबाई चहाचा कप घेऊन समोर बसल्या, आणि कपाभोवती दोन्ही हात अगदी घट्ट धरून ठेवले.

"आई, बाही वर करा."

"नाही."

"आई, माझ्या नावावर तुम्ही सौदा केलात. मला विचारलंत?"

"तुला विचारायचं काय त्यात? आई मुलीला विचारून देते का?"

"मग ऐका आता. समजा, झालं बाळ. त्याला काय सांगू मी? तुझ्या आजीला देऊन तुला घेतलं? ते पहिलं पाऊल टाकेल तेव्हा मी हसू की छाती बडवू?"

"माणूस विसरतो गं हळूहळू."

"नाही विसरत!" सुईताईचा आवाज असा चढला की शेजारच्या खिडकीतून कुणीतरी डोकावलं. "मी सहा वर्षांची असताना एक आई घालवून बसलेय. किती विसरता येतं ते मला विचारा. मला बाळ हवंय, खोटं नाही बोलत. लोकांच्या कडेवरची पोरं दिसली की अजून तोंड फिरवते मी. पण आई, मला तुम्ही हव्यात. बाळ यायचंय, तुम्ही आहात. असलेली आई देऊन टाकायला मी काय येडी आहे?"

सासूबाईंचे डोळे भरले, पण हात काही कपावरून सुटेनात. "देवाला शब्द दिलाय मी," त्या म्हणाल्या. "त्याच्याशी खेळ नाही करता येत."

सुईताई दमली. घड्याळात आठ वाजायला आले होते. भांडून उपयोग नव्हता. शब्दाला शब्द द्यायला सासूबाईंची हयात गेली होती. तिला फादरांचं ते शटर आठवलं, आणि तिनं आपलं सहज, हरल्यासारखं विचारलं.

"बरं. समजा तो म्हणाला, बाई, मला तुझ्याकडून काही नको. बाळही देतो आणि तूही राहा. बदल्यात काही नाही. फुकट. तर मग?"

सासूबाई ताडकन म्हणाल्या, "म्हणजे मग ते ऑपरेशन करावंच लागणार!"

शब्द तोंडातून निघाला, आणि निघताना सासूबाईंनी स्वतःच तो ऐकला. कप हळूच खाली ठेवला. दारात मास्तर तोंडात ब्रश धरून उभे होते, त्यांचा ब्रश थांबला.

"आई," ते फेसातून म्हणाले, "तू घाबरलीयेस?"

"गप रे! तोंड धू आधी." पण आवाजात दम नव्हता. मास्तर तोंड धुवायला गेले आणि नळ न सोडताच तिथे उभे राहिले.

सासूबाई टेबलाकडे बघत बोलल्या. "छाती उघडणार आहेत माझी. हाड कापून. त्या डॉक्टरनं चित्र काढून दाखवलं मला. इतका खुशीत काढत होता मेला, जशी काही रांगोळीच." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "त्या दिवसापासून मला झोप नाही. डोळा लागला की ती करवत दिसते. मग एकदा प्रार्थनेला बसले आणि हे सुचलं. जीव द्यायचा. इतकं बरं वाटलं मला! वाटलं, हा देवच बोलतोय. अगं, मी मरायला तयार झाले, का, तर त्या टेबलावर झोपायला नको म्हणून."

"आणि बाळाचं?" सुईताईनं विचारलं.

"बाळाचं खरं होतं." सासूबाईंनी पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. "देवाशपथ खरं होतं. दोन्ही एकात एक कालवलं गेलं गं. डाळीत खडे मिसळावेत तसं. मलाच कळेना यातलं कुठलं कुठलं."

सुईताई खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी जाऊन बसली. दोघी एकमेकींना धरून रडल्या. मग सासूबाई एकदम हसायला लागल्या. ते हसू खोकल्यात गेलं, आणि खोकला थांबेपर्यंत सुईताई त्यांची पाठ चोळत राहिली.

"चौतीस वर्षं," सासूबाई दम खात म्हणाल्या, "मी तो बागेतला धडा शिकवला. प्रभूला क्रुसावर द्यायला धरून न्यायच्या आधीचा, त्या रात्रीचा. त्याला दरदरून घाम फुटला होता. हे टळलं तर बरं, असं तो सरळ म्हणाला स्वर्गातल्या बापाला. आणि मी काय करायचे माहितीये? ते वाक्य भरभर उरकायचे. पोरांना वाटायला नको, प्रभू घाबरला म्हणून. पुढचं, 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' वगैरे, ते मात्र फळ्यावर मोठ्या अक्षरात. दहा वेळा लिहून आणायला सांगायचे."

"मीही लिहिलंय तसं," नळापाशी उभे असलेले मास्तर म्हणाले. "वीस वेळा."

"तुझं अक्षर घाणेरडं होतं. आणि त्यानं काही मोठं मागितलं नव्हतं मित्रांकडे. म्हणाला, जवळ बसा, जागे राहा. तर झोपले ते. एकदा नाही, तीनदा! गाढवं कुठली!" सासूबाईंच्या डोळ्यांत जुना वर्ग पेटला आणि विझला. मग त्यांनी सुईताईचं मनगट धरलं. "मला भीती वाटते गं. देवाला सांगितलं, तुला सांगितलं, तरी वाटतेय. जात नाहीये."

"नसू दे जात. मला पण वाटते."

"तू बसशील? बाहेर? उठून नाही ना जायचीस?"

"नाही उठणार."

सासूबाईंनी बाही वर केली, तोंड भिंतीकडे फिरवलं आणि डोळे मिटले. सोळा वर्षांत पहिल्यांदा सुईताईला शीर मिळायला दोनदा टोचावं लागलं. सासूबाई दोन्ही वेळा ओरडल्या, आणि हॉस्पिटलात हिची एवढी कीर्ती कशी झाली असंही त्यांनी विचारलं. साडेनऊला नमुने लॅबमध्ये होते.

रविवारी फादरांनी मिस्सेत सगळ्यांना जंतूची हकीकत सांगितली. शिंपीण रुसली. केस कापणारा म्हणाला, त्याला वास आधीपासून विचित्रच वाटत होता. काही लोक सुईताईकडे असं बघत होते, की जशी काही हिनंच चमत्काराला सुई टोचून त्याची हवा काढली. सासूबाई मात्र मिस्सा संपल्यावर घंटावाल्या काकांकडे गेल्या आणि त्यांना पाणी कुठलं घ्यायचं ते तीन वेळा म्हणायला लावलं.

सोमवारी सकाळी त्यांना आत नेलं. दरवाजापाशी ट्रॉली थांबली तेव्हा त्यांनी सुईताईचा हात इतका घट्ट धरला की आत नेणाऱ्या नर्सला एकेक बोट सोडवावं लागलं. शौर्याचं एकही वाक्य त्या बोलल्या नाहीत. "नको वाटतंय मला," एवढंच म्हणाल्या, आणि गेल्या.

पाच तास. मास्तर बाकावर बसून जमीन दाबत होते. फादर आले, चष्मा पुसून पुसून झिजवून गेले. काकांनी दोघांसाठी डबा आणला आणि चमचे विसरले. सुईताईला हॉस्पिटलचा कोपरा न् कोपरा माहीत होता, आत शिरून विचारून येता आलं असतं, ओळखीही होत्या. ती बाकावरून हलली नाही. तिनं प्रार्थना करायचा प्रयत्न केला, पण शब्द येईनात. तिला वाटलं, त्या बागेतल्या मित्रांना तरी कुठे आले असतील? ती नुसती दाराकडे बघत बसली. दुपारी डॉक्टर बाहेर आले, तोंडावरचा मास्क खाली केला आणि हसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाच मिनिटांसाठी एकाला आत सोडलं. मास्तरांनी बायकोला पुढे ढकललं. सासूबाईंना चारही बाजूंनी नळ्या लावलेल्या, ओठ कोरडे, आवाज घोगरा. सुईताईला पाहून त्यांनी आधी डोळे बारीक केले.

"काल झोपली होतीस?"

"नाही हो आई."

"माझ्याकडे बघून सांग."

"पाच मिनिटं. म्हणजे... दहा. डोळा लागला कसा ते कळलंच नाही."

सासूबाईंनी यावर बराच विचार केला. "असू दे," त्या म्हणाल्या. "मीही त्यांना उगाच गाढवं म्हणाले."

मग त्यांनी बोटानं खूण करून तिला जवळ बोलावलं. "ऐक. बाळाचं मागणं मी सोडलेलं नाही हं."

"आई, बोलू नका आता. दम लागेल."

"लागू दे. मागणार मी. रोज मागणार. पण आता बदल्यात काही नाही देणार. नुसतं मागणार, हात पसरून."

सुईताईनं त्यांच्या कपाळावरचे केस सारखे केले. तिला विचारायचं नव्हतं, पण विचारून गेली. "आणि नाही दिलं तर?"

सासूबाईंनी वर छताकडे पाहिलं. नवी झडप उघडत मिटत होती, यंत्रावर हृदयाची रेघ वरखाली होत होती.

"नाही दिलं तर," त्या म्हणाल्या, "मी आहे की."

सुईताईनं त्यांच्या हातावर डोकं टेकलं आणि रडायला लागली. नर्सनं येऊन सांगितलं, वेळ संपली. थोड्या वेळानं पुन्हा येऊन सांगितलं. सुईताई उठली नाही.